घरच्या जाळीतले बजी : तुमचे अनुभव लिहा

शेंगाचटणी
काल माठ घ्यायला गेले होते. माठांच्या शेजारीच पोटाला भोक पाडलेली छोटी मडकी मांडून ठेवलेली. "लवबर्डची हायेत," मावशी म्हणाल्या. लवबर्ड म्हणजे आपले बजी, बजरीगर, ती छोटी पोपटासारखी पाखरं. तिथंच आमचं सेलूचं घर आठवलं.

नानांनी जिन्याखालच्या जागेला बारीक जाळी मारून बजींचं घर केलं होतं. माणूस उभा राहील एवढं. घुशी पोखरतात म्हणून खाली पत्रा टाकून त्यावर फरशी. दाराच्या आत अजून एक दार, म्हणजे आपण आत शिरताना पाखरू सुटत नाही. मडकी सगळी एकाच उंचीवर टांगलेली आणि जोड्यांपेक्षा दोन-तीन जास्तीची. वरखाली टांगली की वरच्या मडक्यासाठी माद्या एकमेकींना रक्त निघेपर्यंत टोचतात. नर बाजूला बसून गाणी म्हणतात, त्यांना काही देणंघेणं नसतं.

मडक्यात हात घालायची आम्हा पोरांना बंदी. पण मादी दाणे खायला बाहेर आली की नाना बॅटरी मारून बघायचे, तेव्हा मला उचलून दाखवायचे. मादी एक दिवसाआड अंडं घालते आणि पहिल्यादुसऱ्या अंड्यापासूनच बसायला लागते, त्यामुळे पिल्लंही पुढंमागं फुटतात. थोरल्याच्या पंखांवर निळे कोंब फुटलेले आणि त्याच्याच पोटाखाली धाकटं, उघडं, डोळे मिटलेलं, मान टाकून पडलेलं. त्याच्या गळ्याखालची पिशवी टम्म भरलेली. कातडी एवढी पातळ, की आतला दाणा न् दाणा दिसायचा.

नानांचा नियम म्हणजे होळी झाली की मडकी उतरवायची आणि श्रावणात परत टांगायची. मधल्या काळात पाखरांनी नुसतं खायचं-प्यायचं आणि ओरडायचं.

तुमच्याकडे आहेत का बजी? होते का? उन्हाळ्यात काय करता? लिहा, कसंही लिहा.

कडबा
होळीला मडकी काढणं पटलं नाही. माझी वर्षभर टांगलेली असतात. कूलर लावतो. बाकी रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक हाय.

उदगीरची_लेक
नाना बरोबर होते हो ताई. कूलरशिवाय एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं अंडी फुटायचीच नाहीत. रिकामी अंडी नव्हती ती, उजेडात धरली की आठवड्याच्या आत लाल शिरा दिसायच्या. अठराएक दिवसांनी पिल्लू बाहेर यायला पाहिजे ना, ते येत नव्हतं. फोडून बघितलं तर पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मेलेलं. लई वाईट वाटायचं.

इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारलं, तेव्हा कळलं की हवा फार कोरडी असली की अंड्याच्या आतलं पातळ कातडं वाळून घट्ट होतं आणि पिल्लाला फोडता येत नाही. तेव्हापासून मी कोथिंबिरीची जुडी धुऊन ओलीच टांगते. माद्या तिच्यात लोळतात, पोट ओलं करून घेतात आणि तशाच जाऊन अंड्यांवर बसतात. एवढ्यानंही फरक पडला. पण मे महिन्यात मी पण मडकी काढतेच. भाजी फोडणीला टाकलीय, पळते.

गोदाकाठ
आमच्याकडं बजी नाहीत, बोका आहे. मी नुसता वाचतोय 😀

निवांत_नांदेड
@गोदाकाठ बोक्याला हा धागा दाखवू नका.

माझा अनुभव जोडीचा. दुकानदारानं "एक नंबर जोडी हाय साहेब, महिन्यात अंडी" म्हणून दिली. एकमेकांना भरवायलेत, डोकं खाजवायलेत, प्रेम नुसतं उतू चाललंय. वर्ष गेलं, अंड्याचा पत्ता नाही. शेवटी पाहुण्यांपैकी एकानं बघितलं आणि हसत सुटला. दोन्ही नर!

नवीन लोकांसाठी : चोचीच्या वर नाकपुड्या असतात ती जागा बघायची. मोठ्या नराची निळी, मादीची पांढुरकी किंवा तपकिरी, आणि अंड्यावर येते तेव्हा गडद तपकिरी, खडबडीत होते. पिवळ्याधमक लाल डोळ्यांच्या आणि पांढऱ्याशुभ्र पाखरांत मात्र हे चालत नाही, त्यांच्यात नराचीही गुलाबी-जांभळटच राहते. त्या दोघांना मी वेगळं केलं नाही. सुखात आहेत, राहू द्या.

चिंचबन
मला एक सांगा, त्याच जाळीत एक पोपट ठेवला तर चालेल का? पोरगी मागं लागलीय.

निवांत_नांदेड
@चिंचबन आपला गळ्यात पट्टा असलेला देशी पोपट म्हणत असाल तर अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो पाळणं गुन्हा आहे. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, म्हणून चालतात. शिवाय पोपटाची चोच बघितलीय ना? बजीचा पाय एका चाव्यात जाईल.

कोरडवाहू
ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर. जॉन गूल्ड म्हणून पक्षीतज्ज्ञ होता, त्यानं १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडात नेले. तिथून ते जगभर घराघरांत गेले. मूळचा रंग हिरवाच. निळे, पिवळे, पांढरे हे सगळं पुढं पिंजऱ्यात पैदास करून टिकवलेलं.

रानातले बजी राहतात तो मुलूख आपल्यापेक्षा कोरडा. थव्यानं पाण्यामागं हिंडतात आणि पाऊस पडून गवताला दाणा आला की मिळेल त्या ढोलीत अंडी घालतात. म्हणजे आपल्यासारखाच पावसाकडं डोळे लावून बसलेला कोरडवाहू प्राणी. लोक म्हणतात ऑस्ट्रेलियाचाच आहे, त्याला ऊन काय करतंय? पण तिथं तो उडून सावलीला जातो, पाण्याला जातो. आपण त्याला पत्र्याखाली कोंडतो आणि पत्रा दुपारी हात लावू देत नाही.

आणि पिंजऱ्यात बारा महिने दाणा, बारा महिने ढोली. त्याला वाटतं रोजच सुकाळ. मादी अंडी घालत सुटते आणि झिजून जाते. म्हणून मडकं काढायचं, ऊन हे नंतरचं कारण.

दुष्काळी_पाहुणा
कोरडवाहू +१

लातूरकर आहे, त्यामुळं पाण्याचं लिहितो. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. घरात माणसांना आंघोळ एक दिवसाआड. आई मात्र पाखरांची वाटी सकाळ-संध्याकाळ बदलायची. वडील कुरकुरायचे. आई म्हणायची, "ते काय घागरभर पितात का?" वाटीतलं जुनं पाणी तुळशीला. जाळीला पोतं बांधून त्यावर भांडी विसळलेलं पाणी शिंपडायची. दुपारी पाखरं चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसली की समजायचं, पोतं वाळलं.

त्या वर्षी एकही दगावलं नाही. नंतर पाऊस एवढा झाला की जाळीत पाणी शिरलं, ते वेगळंच.

शेंगाचटणी
@दुष्काळी_पाहुणा तुमच्या आईंना नमस्कार सांगा 🙏

सातवी_ब_ची_मम्मी
प्लीज कुणीतरी सांगा, आमच्या एकाच्या चोचीवर आणि पायांवर पांढरं भुरकट, चाळणीसारखं भोकं पडल्यागत झालंय. सासूबाई म्हणतायत रॉकेल लावा.

उदगीरची_लेक
@सातवी_ब_ची_मम्मी रॉकेल नको!!! ते किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे, कातडीत घरं करतात. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडं न्या, थेंबाचं औषध असतं, ते पाखराच्या वजनावर ठरतं, त्यामुळं अंदाजानं देऊ नका. बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि आतल्या बसायच्या काड्या बदला. कडुनिंबाच्या ताज्या फांद्या घातल्या तरी चालतील, कुरतडायला पण होतात.

सातवी_ब_ची_मम्मी
थँक्यू ताई 🙏 परभणीला नेते उद्या. सासूबाईंना दाखवला तुमचा मेसेज, त्या म्हणे आमच्या वेळी रॉकेलनंच सगळं बरं व्हायचं.

चिंचबन
आमच्या वेळी रॉकेल मिळत तरी होतं 😂

मुरमाड
परभणीवरून आठवलं. जानेवारी २०२१ ला मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला. आमचं गाव तिथून लांब, पण शेजारी रोज दारात. "तुमची ती पाखरं सोडून द्या." सोडून कुठं देणार? बजी बाहेर सोडला की कावळे त्याला संध्याकाळ बघू देत नाहीत. मी जाळीवर अजून एक जाळी मारली, हातभर अंतर ठेवून, वर पत्रा टाकला, म्हणजे चिमण्या दाण्यावर येणार नाहीत आणि त्यांची घाण आत पडणार नाही. दाणा सांडलेला रोज झाडायचा.

दुसऱ्या जाळीचा फायदा नंतर कळला. शिक्रा यायचा आमच्याकडं. पाखरं घाबरून जाळीला चिकटतात आणि तो बाहेरून नख्या घालून ओढतो. आता येतो, दोन जाळ्या बघतो, जातो.

आजचा_स्वयंपाक
फ्लॅटवाल्यांसाठी : गॅलरी स्वयंपाकघराला लागून असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्याचा धूर आपल्याला जाणवतही नाही, पाखरं मिनिटांत जातात. मी लोखंडी तव्यावर आले. भाकरी पण चांगली होते.

कडबा
हां, आता बसलो निवांत.

कोरडवाहू दादांचं मादी झिजण्याचं खरं हाय. मी वर्षभर मडकी ठेवतो म्हणालो ते सगळ्यांना एकदम नाही. एका जोडीची लागोपाठ दोनदा पिल्लं निघाली की त्यांचं मडकं बंद, चार-सहा महिने. मग तो महिना कुठला का असंना. माझी खोली विटांची, वर स्लॅब, कूलरला वाळ्याची ताटी आणि इन्व्हर्टर. पत्र्याखाली असता तर मी पण होळीलाच काढली असती.

खायला राळाच, बाजारात कांगणी म्हणतात तो. पिल्लं असली की भिजवलेला राळा, शेवग्याचा पाला आणि उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून. ते तासा-दोन तासांत उचलायचं, आपल्या उन्हात लगेच आंबतं. समुद्रफेस कायम टांगलेला, मादीला चुना मिळाला नाही की अंडं आत अडकतं. मडक्यात मूठभर लाकडाचा भुसा टाकावा. नुसत्या गुळगुळीत मडक्यात पिल्लांचे पाय दोन्हीकडं फाकतात.

आता गंमत. हिरव्या नराची आणि हिरव्या मादीची जोडी, पिल्लात एक निघालं निळं. आमची म्हातारी नराकडं बघून म्हणती, "ह्याच्या घरात काहीतरी गडबड हाय." तिला समजावलं की आईबापात निळा रंग लपलेला असतो, दोघांकडून आला की पिल्लात दिसतो. ती ऐकंना. त्या निळ्याला ती अजून परका म्हणती आणि सगळ्यात जास्त खायला त्यालाच घालती.

आजचा_स्वयंपाक
राळा विषय निघाला म्हणून, राळ्याची खीर कुणाला येते का? आजी करायची. गूळ कधी घालायचा ते आठवत नाही.

उदगीरची_लेक
राळा पूर्ण शिजल्यावर, गॅस बंद करून. आधी घातला तर दूध फाटतं.

गोदाकाठ
पाखरांचा राळा माणसं खायलीत. बोका काळजीत आहे.

मुरमाड
@शेंगाचटणी सेलूत कुठं? माझं आजोळ सेलू.

शेंगाचटणी
@मुरमाड स्टेशनजवळ. नाना गेल्यावर घर विकलं. जाळी नव्या मालकांनी ठेवलीय म्हणे, आत कोंबड्या असतात.

चिंचबन
पोपट रद्द, बजी मंजूर. पोरीला हे सगळं वाचून दाखवलं, आता तिला निळाच पाहिजे. @कडबा तुमच्याकडं मिळेल का?

कडबा
तो म्हातारीचा निळा सोडून कुठलाही न्या. दोन पिल्लं आत्ताच मडक्याबाहेर आलीत, त्यातलं एक निळं हाय. पिशवी नका आणू, भोकं पाडलेला खोका आणा.

चिंचबन
नर आहे का मादी?

कडबा
कपाळावरच्या रेघा अजून चोचीपर्यंत हायेत, लई लहान हाय. पिसं झडून नवीन येऊ द्या, मग सांगतो. आत्ता सांगणाऱ्याकडनं घेऊ नका, निवांत दादांना विचारा 😀