सिंजन घराण्याची वंशवेल आणि रामकुंडावरची वही

गंगेवरचा :

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे. आधी पाल्हाळ, त्याला माझा इलाज नाही.

मुलगी-जावई इंग्लंडात स्विंडनला असतात. यंदा उन्हाळ्यात दीड महिना तिकडं होतो. नातवाला घेऊन रोज फिरायला जायचो ते लिडियार्ड पार्क नावाच्या मोठ्या बागेत. एका जहागीरदार घराण्याचा वाडा आहे आणि त्याच्या अगदी पाठीला चिकटल्यासारखं एक बुटकं, जुनं चर्च. सेंट मेरीचं. गाव म्हणावं तर आसपास काही नाही. वाडा, चर्च, झाडं. १९४३ साली स्विंडनच्या नगरपालिकेनं वाडा विकत घेतला, घराणं गेलं, पण चर्चमधले पूर्वज होते तिथंच राहिले. पहिल्यांदा गेलो तर दार बंद. दुसऱ्यांदा लेकीनं वेळ विचारून ठेवली, तेव्हा आत जायला मिळालं.

आत शिरलो आणि वाटलं, हे देऊळ की कुणाच्या घरातली बैठक? जिकडं बघावं तिकडं एकच आडनाव. मी मोठ्यांदा वाचलं, ‘सेंट जॉन’. माहिती सांगणाऱ्या आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘सिंजन’. लिहायचं सेंट जॉन, म्हणायचं सिंजन. म्हटलं ठीक आहे, आपल्याकडं इंग्रजांनी त्र्यंबकचं काय काय केलं होतं.

एक थडगं पांढऱ्या दगडाचं, वर छत्री. सर जॉन सिंजन मधे आडवे, दोन्ही अंगांना दोन बायका. पहिली अ‍ॅन, तिच्या हातात तान्हं बाळ. तेराव्या बाळंतपणात गेली, १६२८ साली. दुसरी मार्गारेट. थडग्यावर साल १६३४. आणि सर जॉन वारले १६४८ ला! म्हणजे हा गृहस्थ चौदा वर्षं दर रविवारी उपासनेला येऊन स्वतःचंच थडगं बघत होता. शेजारी मार्गारेटबाईही बसत असतील, आपल्या दगडी जोडीदारणीकडं बघत. मला तर घासही गेला नसता.

त्यांचा एक मुलगा एडवर्ड. राजा विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी चालली होती, त्यात राजाच्या बाजूनं लढला, न्यूबरीच्या दुसऱ्या लढाईत जखमी झाला आणि १६४५ ला गेला. तीन मुलं त्या यादवीत गेली म्हणे. एडवर्डचा पुतळा आडवा नाही, उभा आहे. तंबूचे पडदे दोन पोरांनी बाजूला सारलेत आणि हा आतून बाहेर येतोय, नखशिखांत सोनेरी. खाली घोडदळ कोरलंय. नातू विचारत होता, ‘आजोबा, हा सोन्याचा आहे का?’ गाभाऱ्याच्या खिडकीत रंगीत काचांचं एक ऑलिव्हचं झाड आहे, त्याला घराण्याच्या चिन्हांच्या ढाली लटकवल्यात. का, तर घरात एक ऑलिव्हर होता. श्लेष! चारशे वर्षांपूर्वीचा, तोही देवाच्या खिडकीत.

पण मी अडकलो ते एका लाकडी कपाटापाशी. कपाट म्हणजे चित्रच, दारं असलेलं, पुरुष-दीड पुरुष उंच. १६१५ साली सर जॉननी आईबापांच्या स्मरणार्थ करवून घेतलं. दारं उघडली की मधे आईबाप गुडघ्यांवर, एका अंगाला तरुण सर जॉन आणि अ‍ॅन, दुसऱ्या अंगाला त्यांच्या सहा बहिणी ओळीनं उभ्या. आणि दारांवर वंशवेल. नावं, रेघा, ढाली, पुन्हा नावं. माझी चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासणीत गेलीत, एक रेघ केसभर जाड झाली तरी डोळ्यात खुपते. मी त्या रेघा धरून वर वर चढत गेलो. वेल थेट सातव्या हेन्री राजाच्या आजीपर्यंत पोचते. ती आधी सिंजनांच्या घरातली सून होती. नवरा गेल्यावर दुसरं लग्न झालं, त्या लग्नातली मुलगी म्हणजे राजाची आई. म्हणजे राजाच्या आईची भावंडं सिंजन, आई एक, बाप वेगळे. आणि खरी गंमत पुढंच आहे. ही वेल ज्या सरकारी वंशावळकारानं, म्हणजे हेराल्डनं, जुळवून दिली तो सर रिचर्ड सेंट जॉर्ज सर जॉनचा सख्खा आतोबा! आत्याच्या नवऱ्यानं काढलेली वंशावळ. घरचा भटजी.

तर प्रश्न. निफाड तालुक्यातल्या आमच्या घराण्याचा छोटा कुलवृत्तांत करायला घेतलाय. रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यांकडं वही पाहिली. लांबट बाड, लाल फडक्यात, मोडी. पान उलटताना कडेचा भुगा बोटाला लागतो. खापरपणजोबांची नोंद आहे, त्यांच्या बापाची आहे, तीन मुलांची आहे. खापरपणजीचं नाव नाही. घरात तिच्याबद्दल एकच गोष्ट चालत आलीय : मळ्यातली विहीर तिच्या पाटल्या मोडून खणली. विहिरीला पाणी अजून आहे, बाईला नाव नाही. अशा लिहून ठेवलेल्या वंशावळींवर विश्वास किती ठेवावा, आणि जी माणसं त्यात नाहीत ती शोधावी कुठं?

शरणपूरकर :

काका, मी शरणपूर रोडच्या चर्चच्या मंडळीतला, त्यामुळं चर्चच्या बाजूचं थोडं सांगतो.

इंग्लंडात जुन्या काळी थडगं बांधायचं कारण वेगळं होतं. मेलेल्याच्या आत्म्यासाठी लोकांनी प्रार्थना करावी म्हणून. श्रीमंत माणूस जमीन लावून द्यायचा, पुरोहितानं रोज त्याच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणायची. धर्मसुधारणा झाली आणि १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राज्यात हे सगळं कायद्यानं बंद झालं, लावून दिलेल्या जमिनीही सरकारजमा. मृतासाठी प्रार्थनाच करायची नाही, तर मग थडगं कशाला? उत्तर निघालं : घराण्यासाठी. म्हणून तुम्ही पाहिली तसली ढालींची गर्दी त्यानंतरच्या शंभर वर्षांत दिसते. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ गेलं, ‘मी कोणाचा कोण ते बघा’ आलं. शिवाय बऱ्याच ठिकाणी चर्चचा पाळक नेमायचा हक्कही त्या जहागीरदाराचाच असे. बोलणार कोण?

जाता जाता एक खूण. तिकडच्या चर्चमध्ये भिंतीवर कोपऱ्यावर उभी केलेली चौकोनी काळी लाकडी पाटी दिसते, तिला हॅचमेंट म्हणतात. माणूस गेला की ती आधी वाड्याच्या दारावर लावत, मग चर्चमध्ये. ढालीमागची निम्मीच बाजू काळी असेल तर जोडीदार मागं आहे असं समजायचं. आणि थडग्याच्या कडेला गुडघे टेकलेली पोरं असतात, त्यातल्या एखाद्याच्या हातात कवटी असली तर ते आईबापांच्या आधी गेलेलं.

आता आमच्या शरणपूरचं सांगतो, कारण नाव कुणाचं उरतं हाच तुमचा मुद्दा आहे. १८५४ ला इथं मिशनची वसाहत झाली, तिथं गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायला होती. त्यातला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टन या इंग्रजी मिशनरी-संशोधकाच्या मोहिमेत गेला. साहेब आफ्रिकेत वारल्यावर त्यांचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी धरणाऱ्यांतही. अ‍ॅबीतल्या शिळेवर लिहिलंय की विश्वासू हातांनी जमीन-पाणी ओलांडून इथवर आणलं. हात आहेत, हातांची नावं नाहीत. त्यातले दोन हात इथं नाशकात पाटी-पेन्सिल धरायला शिकले होते.

मळेकरी_आडगाव :

चर्चमधून नाशकात आलेली एकच गोष्ट आम्हाला माहीत, गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा. पोर्तुगीज घंटा, वर १७२१ साल. पुराचं पाणी घंटेला लागलं की समजायचं, पूर मोठा. बाकी गोऱ्या सरदारांच्या थडग्यांचं कौतुक आपण का करायचं?

गंगेवरचा :

कौतुक नाही हो. त्या चर्चमध्ये जाइल्स मॉम्पेसन नावाचा एक जावईसुद्धा बायकोसमोर दगडात बसवलाय. खाणावळींचे परवाने आणि सोन्या-चांदीच्या जरीची मक्तेदारी यात लोकांना नागवलं म्हणून १६२१ ला पार्लमेंटनं त्याची सरदारकी काढली, बुवा देश सोडून पळाला. तरी चर्चमध्ये जागा पक्की! ते बघून तर माझ्या डोक्यात हा किडा शिरला.

लेस्टरची_नाशिककरीण :

काका, लिहिलेल्यावर विश्वास किती, यावर माझ्या घराजवळचा दाखला. बॉटेसफर्ड म्हणून गाव आहे, तिथल्या चर्चच्या गाभाऱ्यात रटलंडचे आठ अर्ल, म्हणजे उमराव, पुरलेत. (त्यांचा किल्ला लिहायचा बेल्व्हॉर, म्हणायचा बीव्हर. तुमचं सिंजन वाचून बरं वाटलं, मी एकटीच तोंडावर पडले नाही.) इतकी थडगी की अल्तारापर्यंत, म्हणजे वेदीपर्यंत, जायला मधे जेमतेम वाट. अलाबास्टर नावाच्या मऊ दगडाची, रंगवलेली, मोठी देखणी. दोन थडगी लंडनला घडवून जहाजानं बोस्टनपर्यंत (इंग्लंडातलंच, अमेरिकेतलं नव्हे) आणि पुढं बैलगाडीनं की घोडागाडीनं, पण गाडीनं आणली होती.

त्यात सहाव्या अर्लच्या थडग्यावर कोरलंय की त्याचे दोन मुलगे लहानपणीच दुष्ट करणी आणि चेटकानं मेले. अगदी असंच, दगडात, चर्चमध्ये. पोरांच्या लहान मूर्ती आहेत, हातात कवट्या. त्या चेटकाच्या आरोपात किल्ल्यावर कामाला असलेली जोन फ्लॉवर आणि तिच्या दोन मुली पकडल्या. जोन तुरुंगात नेतानाच मेली, आणि मार्गारेट आणि फिलिपा या दोघी मुलींना मार्च १६१९ मध्ये लिंकनला फाशी दिली. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा पोटात कालवलं. पोरं गेल्याचं दुःख खरंच असणार, पण आरोप करणाऱ्याला अलाबास्टर मिळालं आणि त्या तिघींना साधा दगड नाही. आज पर्यटकांना अर्लचा नंबर पाठ नसतो, फ्लॉवर मायलेकींची नावं मात्र विचारत येतात.

आमच्या लहानपणी गावाकडं कुणाचं मूल गेलं की कुणाकडं बोट जायचं, ते आठवतं ना? फक्त आपण कोरून ठेवलं नाही.

कुलवृत्तांतवाली :

गंगेवरचे काका, मी माहेरचा आणि सासरचा असे दोन कुलवृत्तांत केलेत, तेव्हा कामाचं बोलते.

वहीत जे असतं ते आलेल्या यजमानानं सांगितलेलं. उपाध्ये स्वतः तपासायला जात नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीत आधी बघा : आलं कोण होतं, कशासाठी आलं होतं, सही कुणाची. तीर्थयात्रेला आलेला बाप्या आपला बाप, आजा, भाऊ, मुलगे सांगून मोकळा होतो. वाटणीवरून भांडलेला भाऊ तर हमखास गाळतो! तेव्हा ‘नोंद नाही’ म्हणजे ‘माणूस नाही’ असं कधी समजू नका.

बायकांची नावं मिळतात ती अस्थींच्या आणि श्राद्धाच्या नोंदीत. तिथं नावावाचून चालतच नाही, पिंड कुणाच्या नावानं देणार? तर खापरपणजोबांच्या यात्रेची नोंद सोडा, त्यांच्या मुलांपैकी कोण अस्थी घेऊन आलं ते शोधा.

दुसरं. एकाच बाईची दोन नावं असतात हे विसरू नका, माहेरचं आणि सासरचं. आणि उपाध्ये गावावर-आडनावावर वाटलेले असतात, म्हणजे तिच्या माहेरच्यांची वही तुमच्या उपाध्यांकडं असेलच असं नाही. माहेरचं गाव कळलं तर तिकडची वही बघा. तिचे भाऊ यात्रेला आले असतील तर कधीकधी ‘बहीण अमुक गावी दिली’ एवढं लिहिलेलं असतं. मला माझ्या पणजीच्या आईचं नाव असंच मिळालं.

सर जॉनच्या आतोबांबद्दल तुम्ही हसलात, पण मी त्या कपाटाला मान देईन. सहा बहिणी चेहऱ्यासकट उभ्या केल्यात. आमच्या छापील कुलवृत्तांतात १९५० पर्यंतच्या मुली ‘कन्या २’ अशा आकड्यांत आहेत.

गंगेवरचा :

ताई, सोळा आणे बरोबर बोललात. काल सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर रामकुंडाशी, गेलो होतो. उपाध्ये म्हणाले, ‘पुन्हा आलात?’ अस्थींच्या नोंदी काढायला सांगितल्या. मोडी मला दोन-चार अक्षरांपलीकडं लागत नाही, ते बोट फिरवत वाचत होते आणि मी वहीत लिहून घेत होतो. शके १८२९ ची नोंद. मधला मुलगा आलाय, ‘मातोश्री भागीरथी हिच्या अस्थी’. बोटाखालचा तो शब्द मी भिंगातून स्वतः पाहिला. रेघ ओढून अक्षरं तिला लटकवलेली, ‘थी’पाशी बोरूची शाई जरा जास्तच उतरलीय. प्रेसमध्ये असतो तर नापास केला असता.

घरी येऊन मोठ्या वहिनींना फोन केला. त्या नव्वदीच्या. म्हणाल्या, ‘भागीरथी कोण? विहिरीवाली ती ठकूबाई. सायखेड्याची.’

आता सायखेड्याकडची वही आमच्या उपाध्यांच्या चुलतभावाकडं आहे. ते म्हणाले, पितृपक्षात डोकं वर काढायला फुरसत नाही, सर्वपित्री होऊन जाऊ द्या, मग माळ्यावरून काढतो. तोवर लेकीला सांगितलंय, त्या कपाटातल्या सहा बहिणींचा जवळून फोटो पाठव, मागच्या खेपेला माझा हात हलला होता.