डोंगलचा जुना ड्रायव्हर लोड होत नाही, मेमरी इंटिग्रिटी बंद करू का? (बजेट ५ हजार)

नौपाडा_रेडियम: नमस्कार मंडळी. ठाण्यात रेडियम कटिंगचं दुकान आहे, बाबांपासूनचं. कटिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) चालतं, डोंगल २०११ चा, बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. विंडोज ११ टाकल्यापासून ड्रायव्हर (डोंगल चालवणारा छोटा प्रोग्रॅम) लोड होत नाही असा मेसेज येतो. पीसीवाला म्हणतो विंडोज सिक्युरिटीच्या कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी (कर्नलचं संरक्षण) बंद करा, दोन मिनिटांचं काम. पण जीएसटी, बँक सगळं याच पीसीवर, म्हणून मन धजावत नाही. पाच हजाराच्या वर जमणार नाही. काय करू?

खारघरचा_बंड्या: नवीन मशीन घे भावा. मी दिवाळीत ६२ हजारात असेंबल करून घेतला, मख्खन चालतोय.

नौपाडा_रेडियम: दादा, ५ हजार लिहिलंय. आणि नवीन मशीनवर पण ड्रायव्हर तोच जुना ना?

झेरॉक्सवाला_कळवा: बंद करा हो बिनधास्त. माझं दोन वर्षं बंद आहे, काही झालं नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट: प्लीज असं सांगू नका कोणाला. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो, तिथे त्याला अडवणारं कोणी नाही. तो आपली जागा सोडून दुसऱ्याच मेमरीत लिहायला लागला की कुठलाही फालतू प्रोग्रॅम त्याच्या आडून अख्खं मशीन ताब्यात घेतो, अँटिव्हायरस सकट. डेलचा डीबीयुटील ड्रायव्हर २००९ पासून मशीनवर जात होता, त्यातली पाच भोकं २०२१ च्या मे महिन्यात जाहीर झाली, दोन मेमरी करप्शनची. १२ वर्षं! ड्रायव्हरची डिजिटल सही वैध, म्हणून विंडोज मुकाट लोड करायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने अगेअर मोडेमचा ड्रायव्हर विंडोजमधून काढूनच टाकला, कारण मोडेम वापरात नसला तरी त्यातून आत शिरता येत होतं.
आता तुमचं. ड्रायव्हर लोड होत नाही म्हणजे त्यात भोक आहेच असं नाही, मेमरी इंटिग्रिटीचे नियम तो पाळत नाही इतकंच कळतं. पण ती बंद केली की कर्नलमध्ये परका कोड घुसवणं सोपं होतं. ज्या पीसीवर बँक, तिथे नाहीच.

वाशीची_स्वाती: प्लॉटर (कटिंगचं मशीन) एचपीजीएल, म्हणजे प्लॉटरला हुकूम द्यायची भाषा समजत असेल आणि सिरियल पोर्ट असेल तर इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून थेट कटिंग होतं, फुकट, डोंगल लागतच नाही. मी लिनक्सवर करते. त्याच्या कर्नलमध्ये ६.१ पासून रस्ट (मेमरीच्या चुका टाळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) पण आलंय.

झेरॉक्सवाला_कळवा: लिनक्सला भोकं नसतात का? २०२२ चं डर्टी पाइप, लिनक्स कर्नलमधलं भोक, विसरलात?

वाशीची_स्वाती: नाही विसरले. पॅच आला त्याच दिवशी टाकला होता, तुम्ही दोन वर्षं बंद ठेवून बसलात.

घोडबंदर_४२: एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबरप्लेट) आल्यावर रेडियमला गिऱ्हाईक राहिलंय का पण? माझ्या मेहुण्याने दुकान बंद केलं.

नौपाडा_रेडियम: नंबरप्लेट गेल्या, खरंय. स्कूलबसच्या पट्ट्या, सोसायटीचे बोर्ड, गणपतीत मंडळांची कामं, यावर चाललंय.

खारघरचा_बंड्या: ऐरोलीवाल्यांचं बरोबर आहे, बँकेच्या पीसीवर नको. म्हणूनच म्हणतो नवीन घे.

ऐरोली_नाइटशिफ्ट: डोंगल सोडणार असाल तर नुसतं डिव्हाइस मॅनेजरमधून काढू नका, तिथे ड्रायव्हर डिलीट करायची टिक पण करा, नाहीतर फाइल तशीच पडून राहते. आणि कोअर आयसोलेशनच्याच पानावर व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट (भोकं असलेल्या ड्रायव्हरना अडवणारी यादी) दिसेल, ती चालू हवी.

नौपाडा_रेडियम: सगळ्यांचे आभार. स्वातीताई, इंकस्केप करून पाहिलं, पण बाबांनी हाताने बसवलेली मराठी अक्षरं त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्येच आहेत, दोन हजारांच्या वर, ती उघडली नाहीत. म्हणून दुकानाच्या पीसीवर मेमरी इंटिग्रिटी बंद केली.

ऐरोली_नाइटशिफ्ट: अहो, एवढं सांगितलं त्यावर!

नौपाडा_रेडियम: ऐका तर. आधी बँक, जीएसटी, मेल सगळं बायकोच्या लॅपटॉपवर हलवलं, त्यावर इंटिग्रिटी पण चालू, ब्लॉकलिस्ट पण. सगळे पासवर्ड बदलले. दुकानाच्या पीसीचं वायफाय कार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

ऐरोली_नाइटशिफ्ट: आणि पेनड्राइव्ह? बहुतेक तिथूनच शिरतं.

नौपाडा_रेडियम: गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावतो, पीसीवर अक्षरं पुन्हा बसवतो, वेळ जातो पण चालेल. खर्च शून्य. लॅनच्या खाचेवर लाल रेडियमचा चौकोन कापून चिकटवलाय, पोराने चुकून वायर लावू नये म्हणून.