वॉरंटी नसलेली जुनी गाडी बिघडकी निघाली तर? (अनुभव धागा)

घाटवाट:
पाऊस लागला की पुरातल्या गाड्या आठवतात. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण. विमा कंपनीने 'टोटल लॉस' धरलेली गाडी लिलावात जाते, धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरं चढवून दुसऱ्या जिल्ह्यात 'सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी' म्हणून उभी राहते. फसलेल्याला सगळे एकच ऐकवतात, वॉरंटी नव्हती ना, मग विसर. साफ चूक. वॉरंटी नाही म्हणजे फुकट दुरुस्तीचं वचन नाही, एवढंच. खोटं बोलून विकायची मुभा त्यातून मिळत नाही.

गॅरेज, कोर्ट, आरटीओ यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी नेमकं लिहा. रडगाणी नकोत.

पहिली गोष्ट मी सांगतो. गाडी बंद पडली की लगेच खोलायला देऊ नका. इंजिन उघडलं की पुरावा गेला. मीटर, वॉर्निंगचे दिवे, गळती यांचा सलग व्हिडिओ काढा, गाडी टो करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, जॉबकार्डवर किलोमीटर आणि तक्रार लिहून घ्या, फक्त तपासणी आणि एस्टिमेट मागा. विकणाऱ्याला त्याच दिवशी मेसेज टाका की गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, येऊन बघा. तो येणार नाहीच, पण मेसेज राहतो.

पाना१४:
+१. आणि जुना पार्ट काढावाच लागला तर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, पिशवीत घालून घरी. बायको ओरडली तरी.

काळाकोट:
आधी बघा विकणारा कोण. सगळी वाट त्यावर ठरते.

डीलर किंवा कंपनी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. फी ५ लाखांपर्यंत शून्य, ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४०० रुपये. मुदत २ वर्षं. तक्रार तुम्ही राहता तिथे चालते, डीलर नाशिकचा आणि तुम्ही लातूरचे असाल तर लातूरला. वकील सक्तीचा नाही.

घरगुती मालकाने स्वतःची गाडी विकली असेल तर तो व्यापारी नाही, ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही. तिथे करार कायदा १८७२, कलम १७ ते १९ आणि दिवाणी न्यायालय. पोलिसांत बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होते, पण विकतानाच खोटेपणा होता हे दिसलं पाहिजे. नुसता क्लच गेला म्हणून गेलात तर 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील.

आता मेख. कलम १९ ला एक अपवाद आहे. विकणारा नुसता गप्प बसला आणि तुम्ही साधी तपासणी करून दोष ओळखू शकला असता, तर करार मोडता येत नाही. पण तुम्ही विचारलंत आणि तो जाणूनबुजून खोटं बोलला, तर हा अपवाद त्याच्या कामाचा नाही. म्हणून इसार देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ तीन प्रश्न टाका: अपघात झालाय का? पाण्यात गेली होती का? मीटर खरं आहे का? त्याचं एका शब्दाचं 'नाही' पुढे लाखमोलाचं ठरतं.

मिसळपाव_नको_वडा:
आणि त्याने नुसता 👍 पाठवला तर?

काळाकोट:
मग गाडी घेऊ नका :)

शिल्पा_क:
कोट दादा, करारात 'जशी आहे तशी' लिहून सही घेतात त्याचं काय? आमच्याकडे सगळे डीलर तेच छापील कागद देतात.

काळाकोट:
ताई, ते वाक्य झिजेला लागू. टायर, क्लच प्लेट, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश. जुन्या वस्तूत हे धरूनच चालायचं. पण गाडी चोरीची निघाली किंवा बँकेचा बोजा लपवला, तर वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम १४ आहे. खोटं बोलणं तर कुठल्याच छापील ओळीने झाकलं जात नाही.

अजून एक. पैसे परत हवे असतील तर गाडी चालवत राहू नका. तीन महिने फिरवून मग 'परत घ्या' म्हटलं तर स्वीकारली असंच धरतात. मग फार तर नुकसानभरपाई.

पाना१४:
दोष ओळखायचं लिहितो, घाईत आहे.

बॉनेट उघडा, फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीतून बोल्टवर पण रंग असतो. डोक्याच्या कडा खरवडलेल्या दिसल्या की पाना लागलाय. मग रेडिएटर सपोर्ट बघा, वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर हवेत. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. ३०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. एखादा दरवाजा असेल तर चालतं, घासाघीस करा. पिलर किंवा छत असेल तर सोडा ती गाडी.

पाण्यातली गाडी: सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. धुणारे वरचा भाग धुतात, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या फूटभर पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते. सीटखालच्या रुळाचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, कारपेटखालचा फोम. वायरिंगच्या कनेक्टरला हिरवट गंज असेल तर ती गाडी दर पावसाळ्यात नवीन दुखणं काढणार.

मिसळपाव_नको_वडा:
शोरूममध्ये चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढत बसलो तर सेल्समन पाणीसुद्धा विचारणार नाही 😀

सांगलीकर_७१:
गाळाचा वास पण जात नाही हो. परफ्यूम मारलेली गाडी असली की काचा लावून दहा मिनिटं उन्हात बसायचं, एसी बंद. कळतं. बाकी यंदा कृष्णेला पाणी कसंय कुणी सांगेल का?

पाना१४:
राहिलंच. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझत नाही तर बिघाड. लागतच नाही तर जास्त वाईट, दिवाच काढलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला आणि 'कोड नाहीत' आलं म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते) बघा. बरेचसे अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत. बॅटरी काढली तरी तसं दिसतं, म्हणून थोडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

खिडकी_नं_५:
आरटीओचं. फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) यांवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी तीन हातांत फिरते, कागद पहिल्याच्या नावावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची भरपाई रजिस्टरवरच्या मालकावरच टाकली, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. विकणाऱ्यांनी पण वाचा हे.

डीलरकडून घेताना त्याचा फॉर्म २९बी चा परवाना मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते अधिकारपत्र लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना २९सी मध्ये जाते. 'आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी मालकाची' हा बचाव त्याने लंगडा होतो. बिल डीलरच्या नावाचंच घ्या, पैसे बँकेतून.

विमा १४ दिवसांत नावावर करा. थर्ड पार्टी आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही.

पणजीचो_बाबा:
गोंयात रेंट-अ-कॅब गाडी खाजगी करून विकतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे गेले, पांढरी पाटी आली की ओळखू येत नाही. जुनी विमा पॉलिसी मागायची, व्यावसायिक म्हणून असेल तर कळलं. पर्यटकांनी अर्धा क्लच दाबून घाट चढवलेली गाडी ती, सगळा भार क्लचवर.

लंडनमधला_पुणेकर:
इथे कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ मध्ये डीलरकडची जुनी गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासून नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. आपल्याकडे असं कधी येणार?

काळाकोट:
येईल तेव्हा येईल. आज आपल्याकडे सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावर. म्हणून परवानाधारक सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरचा अहवाल आणि सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र. नुसतं 'गाडी खराब आहे' नको, दोष विक्रीच्या आधीचा आहे का आणि तो कशावरून, हे त्यात हवं. गंज किती जुना, वेल्डिंग कधीचं, सर्व्हिस रेकॉर्डला किलोमीटर ७८ हजार आणि विकताना मीटरवर ४१ हजार कसे. आयोगाकडे कलम ३८ खाली प्रयोगशाळा तपासणी मागता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ चॅट फोनमधून उडवू नका.

क्रम असा: ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार, मग १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टने, मग ई-जागृतीवर (ग्राहक आयोगाचं ऑनलाइन पोर्टल) दाखल.

शिल्पा_क:
दादा खूप धन्यवाद, प्रिंट काढून भावाला देते. सर्व्हिस रेकॉर्ड आपल्याला देतात का पण?

पाना१४:
काही ठिकाणी मालकाशिवाय देत नाहीत. विकणाऱ्यालाच अ‍ॅपवरून काढून पाठवायला सांगा. टाळाटाळ करतोय म्हणजे मीटर पाडलंय समजा.

दिल्लीरिटर्न:
दिल्लीची दहा वर्षांची डिझेल स्वस्तात मिळतेय, एनओसी तयार आहे म्हणतात. घेऊ का?

खिडकी_नं_५:
महाराष्ट्रात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल, १२ महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागेल. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ बघा. सगळं धरून हिशोब करा, स्वस्त राहत नाही बहुतेक.

सांगलीकर_७१:
सीएनजी गाडीचं कुणीच लिहिलं नाही.

पाना१४:
काका, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी. तारीख सिलिंडरच्या पाटीवर असते, कागदावरच्या नंबरशी जुळवा. किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर नोंद हवी, नाहीतर विम्याचा क्लेम अडतो. आणि गाडी पेट्रोलवर पण चालवून बघा, बऱ्याच जणांचे इंजेक्टर चोक झालेले असतात.