उचल फिटेपर्यंत खलाशाला अडवून ठेवता येते का?

प्रश्न (हर्णै)
शेजारच्या ट्रॉलरवर ऑगस्टपासून एक नेपाळी खलाशी आहे. गेल्या आठवड्यात जाळे ओढताना विंचच्या दोरात त्याची दोन बोटे चिरडली. जखमेला खारे पाणी लागू नये म्हणून हातावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो आजही मासळी निवडतो आहे. त्याला गावी जायचे आहे, पण मोसमाच्या आरंभी घेतलेली उचल फिटल्याशिवाय मालक सोडायला तयार नाहीत आणि त्याचे ओळखपत्रही त्यांच्याच कपाटात आहे. परदेशी माणसाला आपला कायदा लागू होत नाही, असे बंदरावर सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर (मिरकरवाडा, नौकामालक)
उचल दिल्याशिवाय खलाशी मिळत नाहीत आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने कमाईचे महिने दहाच उरतात. खलाशी मध्येच गेला की नौका धक्क्याला लागते, हे मी स्वतः सोसले आहे. तरीही जखमी माणसाला राबवणे आणि त्याचे कागद दाबून ठेवणे हा अन्यायच आहे.

उत्तर (रत्नागिरी)
नाही, हे खरे नाही. वेठबिगारीला मनाई करणारे संविधानाचे २३वे कलम केवळ नागरिकांपुरते नसून प्रत्येक माणसाचे रक्षण करते. उचलीपोटी कोणाची काम सोडून जाण्याची मोकळीक हिरावून घेतली, तर ती १९७६च्या कायद्यानुसार वेठबिगारी ठरते, त्या कर्जाची फेड करण्याचे बंधन संपते आणि राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उचल त्याने राजीखुशीने घेतली, हा बचावही पुरेसा नाही, कारण दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने गरिबीपोटी पत्करलेली सक्तीही सक्तीच मानली. कामावर झालेल्या इजेची भरपाई तर १९२३च्या कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे. दापोलीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. वेठबिगारीवरील उपविभागीय दक्षता समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते.

उत्तर (दापोली)
अर्जाआधी त्याला उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि केसपेपरवर ‘कामावर असताना झालेली दुखापत’ अशी नोंद करून घ्या, म्हणजे उपचारही होतील आणि भरपाईसाठी पुरावाही राहील. आंब्याच्या बागांमधले नेपाळी राखणदार मराठी उत्तम बोलतात. त्यांच्यापैकी एखाद्याला दुभाष्या म्हणून सोबत घ्या, म्हणजे जबाब त्याच्याच शब्दांत नोंदवला जाईल.