प्रति: दानाची भिशी, पण खातं कुठलं?

वर सुचवलंय की गटातल्या बायकांनी दानासाठी भिशीसारखे जमवलेले महिन्याचे ५०-५० रुपये बचत गटाच्याच खात्यात ठेवावेत. नको. त्या खात्यातून अंतर्गत कर्ज, म्हणजे गटातल्याच बायकांना दिलेलं कर्ज, फिरतं. दान त्यात मिसळलं की ऑडिटला हिशेब जुळत नाही. गटातल्या तिघींच्या नावे वेगळं बचत खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं.

खानदेशात पावसाळ्यात हात आखडलेला असतो, कापूस विकला की मोकळा. म्हणून दिवाळी ते संक्रांत वर्गणी जास्त घ्या.

ज्या संस्थेला दान द्यायचं तिला चेकच द्या. २,००० च्या वर रोख दिलं तर आयकर सवलत नाही. पावती जिच्या नावे, सवलत तिलाच. हे आधीच बोला, भांडणं इथंच होतात. संस्था मात्र चिठ्ठीवर गुप्त मत घेऊन निवडा. हात वर करायला लावले तर सगळ्या सरपंचताईंकडेच बघतात!