घरचा हिशोब देशाला लागू पडतो का?

टिपणवही:

गेले काही महिने मी अर्थशास्त्राची प्राथमिक पुस्तके वाचत आहे आणि त्यांतील दोन-तीन कल्पनांचा रोजच्या निर्णयांत मला खरोखरच उपयोग झाला. एक गोष्ट निवडताना आपण दुसरी कोणती सोडतो, हा संधीखर्चाचा प्रश्न आता आपसूक मनात येतो. पैसे मोजले आहेत एवढ्याच कारणाने कंटाळवाणी कादंबरी शेवटपर्यंत रेटण्याचा हट्टही सुटला, कारण तो खर्च बुडालाच आहे आणि उरलेला वेळ मात्र अजून माझ्या हातात आहे.

अडचण जगाच्या बातम्या वाचताना येते. उत्पन्न घटल्यावर घर काटकसर करून सावरते, मग देशाने मंदीत तसेच केले तर बिघडते कुठे? विकतो त्यापेक्षा अधिक विकत घेणारे घर कर्जात जाते, मग व्यापारी तुटीला तज्ज्ञ इतक्या सहजतेने कसे घेतात? आयातीवर शुल्क लावले की पैसा देशातच राहील, हे तर सरळ दिसते. अर्थशास्त्राचा विचार एकच आहे, की घरासाठी एक आणि जगासाठी दुसरा?

काटकोन:

विचार एकच आहे. बदलते ते गृहीतक. घराचा हिशोब मांडताना आपण आपले उत्पन्न, बाजारातील किमती आणि इतरांचे वागणे हे सारे ठरलेले आहे असे धरतो, आणि ते बरोबरही असते, कारण एका घराच्या निर्णयाने यांपैकी काहीच हलत नाही. सगळी घरे एकाच वेळी तोच निर्णय घेतात तेव्हा मात्र हे गृहीतक कोसळते.

बँकेचे उदाहरण घ्या. बँक बुडेल अशी शंका आल्यावर आपली ठेव काढून घेणे हा एका ठेवीदारासाठी अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. परंतु ठेवींचा मोठा भाग कर्जरूपाने बाहेर गेलेला असल्यामुळे सगळ्यांनी एकदम तसे केले, तर मुळात धडधाकट असलेली बँकही बुडू शकते, म्हणजे शंकाच स्वतःला खरी करून दाखवते. अमेरिकेत मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी सत्तेवर येताच देशभरातील बँका काही दिवस बंद ठेवल्या, आणि १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. या विम्याची खुबी अशी की ठेवीदाराला धीर धरण्याचा उपदेश करावा लागला नाही. रांगेत आधी पोहोचण्यात त्याचा जो फायदा होता तोच काढून घेतला गेला.

काटकसरीचेही असेच आहे. माझा खर्च हे दुसऱ्या कोणाचे तरी उत्पन्न असते. मंदीत प्रत्येकाने हात आखडता घेतला की प्रत्येकाचे उत्पन्न घटते, आणि शेवटी एकूण बचतही वाढत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये या युक्तिवादाला व्यवस्थित रूप दिले. मात्र तेजीच्या काळात हाच युक्तिवाद उधळपट्टीच्या समर्थनासाठी वापरला जातो, तो त्याचा गैरवापर आहे.

अधांतरी:

शुल्काविषयी लिहितो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दिलेले उदाहरण आजही पुरेसे आहे. ठराविक वाइनसाठी पोर्तुगालला ८० आणि इंग्लंडला १२० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात. ठराविक कापडासाठी अनुक्रमे ९० आणि १००. दोन्ही वस्तूंत पोर्तुगालच सरस आहे. तरीही वाइन देऊन कापड घेतले तर पोर्तुगालला ९० माणसांचे काम ८० माणसांत साधते, आणि कापड देऊन वाइन घेणाऱ्या इंग्लंडला १२० माणसांचे काम १०० माणसांत. तुम्ही वर म्हटलेला संधीखर्चच इथे दोन देशांना लावला आहे.

आता इतरांची प्रतिक्रिया जोडा. १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने आयात शुल्क वाढवले, तेव्हा हजारांहून अधिक अर्थतज्ज्ञांनी लेखी विरोध नोंदवला होता. कॅनडासह अनेक देशांनी उलट शुल्के लावली. १९२९ ते १९३४ या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. यात मंदीचा वाटा मोठा होता, सारे खापर त्या कायद्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण ‘पैसा देशातच राहील’ ही अपेक्षा मात्र फसली. रिकार्डोंच्या हिशोबात एक गोष्ट दिसत नाही, तीही सांगायला हवी: इंग्लंडमधल्या वाइन करणाऱ्याने उद्यापासून विणकर व्हायचे कसे? देशाचा एकूण फायदा खरा असतो आणि त्या माणसाचे नुकसानही तितकेच खरे असते.

उंबरठा:

वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, तरी घराच्या पातळीवर हा विचार बिनचूक चालतो असे गृहीत धरू नये. इस्रायलच्या हैफा शहरातील १० पाळणाघरांत नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड सुरू केला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड रद्द केल्यावरही तो खाली आला नाही. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर त्या संकोचाची जागा दरपत्रकाने घेतली. निकाल कळल्यानंतर हे स्पष्टीकरण सोपे वाटते, पण निकाल उलट लागला असता तर त्याचेही स्पष्टीकरण आपण तितक्याच सहजतेने दिले असते, आणि माझा आक्षेप नेमका या सवयीवर आहे.

टिपणवही:

सर्वांचे आभार. व्यापारी तुटीचा प्रश्न मात्र राहिला. ते कर्ज नव्हे का?

काटकोन:

अनेकदा असते. आयातीच्या मोबदल्यात परदेशी लोकांच्या हाती आपल्या देशाचे रोखे, समभाग किंवा मालमत्ता जाते, म्हणून तुटीची दुसरी बाजू भांडवलाची आवक ही असते. ते भांडवल कारखान्यांत गेले की नुसत्या उपभोगात, यावर तूट चांगली की वाईट हे ठरते. कर्ज कोणत्या चलनात आहे हेही पाहावे. जपानचे सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे, पण ते येनमध्ये आहे आणि बहुतांशी जपानी संस्थांकडेच आहे. ग्रीसचे कर्ज युरोमध्ये होते, आणि युरो छापणे किंवा त्याचे अवमूल्यन करणे एकट्या ग्रीसच्या हातात नव्हते. २०१० मध्ये त्याला इतरांकडे मदत मागावी लागली. तुमची घराची उपमा ग्रीसला बरीचशी लागू पडते, जपानला फारच थोडी.