समुद्राखाली सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साठवायचा तर टनामागे खर्च कसा काढतात?

फोंडेकर_पोर
नमस्कार मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, कारखान्यातून पकडलेला सीओटू समुद्रात नेऊन तळाखाली साठवायचा तर टनाला किती पडेल. मी पाइपलाइन नि तळाखाली वायू भरायची विहीर मिळून १००० कोटी धरले, वर्षाला १० लाख टन, २५ वर्षं, भागाकार केला तर ४०० रुपये आले. सरांनी नुसतं हसून वही परत दिली. चुकलं कुठे?

मुरगावचा_म्हातारा
अरे बाबा, पैसे आज जातात नि टन २५ वर्षं थोडेथोडे येत राहतात, मग व्याज कोण धरणार? ८ टक्क्यांनी वर्षाचा हप्ता बसतो साधारण ९४ कोटी, म्हणजे टनाला ९४० रुपये, आणि हे नुसतं भांडवल हां. कॉम्प्रेसरची वीज, देखभाल, विहीर बंद केल्यावरची देखरेख हे सगळं वर. सीओटू आधी नीट सुकवावा लागतो नाहीतर पाण्याबरोबर ॲसिड होऊन पाइप खातो, त्याचाही खर्च लाव. आणि १० लाख टन पहिल्या वर्षापासून देणार कोण? गोव्यात एवढे मोठे कारखाने कुठायत? पाइप अर्धा रिकामा राहिला की हेच ९४० दुप्पट.

बार्जवाला
माल थोडा नि अंतर लांब असेल तर जहाजाचाही हिशोब करून बघ. नॉर्वेत नॉर्दर्न लाइट्स नावाच्या साठवण प्रकल्पवाले थंड करून द्रव केलेला सीओटू ७५०० घनमीटरच्या जहाजांतून आणतात, किनाऱ्यावर टाक्यांत उतरवतात आणि मग साधारण १०० किमी पाइपने पुढे. माल वाढला की मात्र पाइपच, व्यास दुप्पट केला तर माल पाचपट तरी जातो. जहाजात लोक थंड करायचा प्लांट नि टाक्या धरायलाच विसरतात, आपल्याकडे पावसाळ्यात दर्या खवळला नि जहाज चार दिवस अडकलं तर कारखाना थोडाच थांबतो, तेवढा साठा ठेवायला जागा लागते रे.

फोंडेकर_पोर
बापरे, टाक्या धरल्याच नव्हत्या. विहीर पण एकच धरलीय, चालेल?

मुरगावचा_म्हातारा
कागदावर चालेल. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर नि स्नोव्हित असे दोन प्रकल्प आहेत. स्लाइपनरला १९९६ पासून एकाच विहिरीतून भरतायत, पण स्नोव्हितला २००८ मध्ये सुरू केलं नि खडकाच्या थरातला दाब अंदाजापेक्षा लवकर चढला, २०११ ला दुसऱ्या थरात भरायची वेळ आली. देश तोच, चालवणारी कंपनीही तीच. एक जादा विहीर धर आणि एकच आकडा नको, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा दे.

फोंडेकर_पोर
देव बरें करूं काका, आज रात्री परत बसतो.